एका गावाचे दात

त्या गावात कुणी तोंड उघडून हसत नाही. बायका पदर लावतात, पोरी स्टोल ओढतात, बाप्ये मिशीवर हात नेतात. आधी मला वाटलं, गाव लाजरं आहे. लाजबीज काही नाही. पाणी आहे.

गावाचं नाव मी लिहिणार नाही, माणसांचीही नावं बदललीत. आमच्या संघटनेची पत्रकं ज्यांनी वाचलीत त्यांना नवल वाटेल, कारण आम्ही नाव घेऊनच बोलतो. पण इथं नाव घेतलं तर ज्यांनी वाटोळं केलं त्यांचं काही वाकडं होणार नाही, आणि ज्यांनी काहीच केलं नाही त्यांच्या नांदत्या लेकी माघारी येतील. कसं ते पुढं कळेल. लातूरहून जळकोट, तिथून जीपनं जिल्हा ओलांडून नांदेडच्या हद्दीत, आणि डांबर संपलं की पुढं विचारत विचारत, एवढा पत्ता पुरे. तुम्ही तसेही जाणार नाही.

लातूर

आमच्या संघटनेचं ऑफिस म्हणजे झेरॉक्सच्या दुकानावरची एक खोली. तिथं प्रशांत नावाचा माझा सहकारी आहे. त्यानं संघटनेचा जुना कॅमेरा आणि वायरीचा फ्लॅश माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "दात पाहिजेत. चेहऱ्यासकट. तरण्या पोरीचे असले तर उत्तम."

"स्थळ बघायलास का काय?"

"हसू नको. मागच्या अर्जावर साहेबानं काय शेरा मारला, वाचलास ना?"

वाचला होता. गावच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड आहे, ते पिऊन लेकरांचे दात खराब होताहेत, ती बोअर बंद करा आणि दुसरीकडून पाणी आणा, असा आमचा अर्ज होता. सोबत गावातल्या म्हाताऱ्यांच्या तोंडांचे फोटो. साहेबांनी लिहिलं, सदर डाग तंबाखूचे दिसतात. झालं. आता नांदेडला सुनावणी होती. तिथं तंबाखूला हात न लावणाऱ्या एखाद्या तरुण पोरीचे दात स्पष्ट दाखवायचे, म्हणजे साहेबांना पळवाट राहणार नाही, असा आमचा हिशेब.

एक गोष्ट सांगून ठेवते, नाहीतर पुढचं कळणार नाही. हा डाग वरून चढत नाही. दात हिरडीच्या आत घडत असतो तेव्हाच हे पाणी पोटात गेलं, तर दात डाग घेऊनच वर येतो. मग घासा, खरवडा, काही करा. तो डाग त्या माणसाबरोबर जळतो.

स्टँडवर सुशीला खाल्ली. मुरमुरे भिजवून, पिळून, कांदा-मिरचीच्या फोडणीत परतलेला हा आमचा नाश्ता. पुण्याच्या मैत्रिणींना त्याचं नाव सांगितलं की त्या विचारतात, कोण ही बाई? असो. एवढंच हसून मी गाडीत बसले.

जळकोटच्या पुढं

सोयाबीन निघून गेलेली काळी रानं, मधे तुरीचे खुरटलेले पट्टे, आणि धुळीनं मळकट झालेलं ऊन. जीपवाल्यानं विचारलं, "कुठं? मक्याच्या गावाला?"

"मक्याच्या कशाला?"

"तिथल्या लोकाचे दात बघा की. कणसावानीच हायेत!"

अख्खी जीप हसली. सगळे तोंड उघडून. कोपऱ्यात बसलेली एक बाई तेवढी बाहेर बघत राहिली. उतरताना तीच माझ्या मागं उतरली आणि म्हणाली, "दाताच्या मॅडम तुम्हीच ना? चला, आमच्याच घरी यायचंय तुम्हाला. येसराची आमटी चालंल का?"

या कांताबाई. मजुरी करतात, नवरा उसाच्या गाडीवर ड्रायव्हर, बहुतेक वेळ बाहेरच. दोन खोल्या, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, खाली ताजा हार. मोठी लेक सुजाता नर्सिंग शिकून घरी आलेली. धाकटी रमा, जिचे पुढचे दुधाचे दात नुकतेच पडले होते. घरात तोंडभर हसणारी तेवढी एकच होती.

कांताबाईंनी तांब्या पुढं केला आणि माझी बाटली बघून म्हणाल्या, "प्या वो तुमचंच. सगळे सायब बाटलीच काढतेत. तुमचे दात तर कवाच घडून झालेत, तुम्हाला काय होणार हाय?"

मी बाटली पिशवीत टाकली आणि तांब्यातलं प्यायले. पाणी गोड होतं. वाईट हेच आहे. खारट असतं तर गावानं कधीच बोंब मारली असती.

भाजून दळलेल्या डाळी-मसाल्याच्या येसराची ती आमटी झणझणीत होती, भाकरी तव्यावरून थेट ताटात. आमच्या घरी पाहुण्याला आधी बोलतं करतात, मग वाढतात. इथं जेवताना कुणी बोलत नाही. घास चावताना ओठ मिटलेले. सुजाता तर घोटही मान फिरवून घ्यायची. जेवण झाल्यावर तिनं मला सरळच विचारलं, "फोटो काढायला आलाव का तपासायला?"

"फोटो. चेहऱ्यासकट."

"तोंड घ्या. नाकाच्या वर नगं."

"नुसतं तोंड साहेब मानत नाहीत गं."

"मग सायबाचं काढा."

कांताबाई मधे पडल्या. बिलोलीकडचं स्थळ आलं होतं. मुलगा चांगला, घरचे शिकलेले, येत्या रविवारी बघायला येणार. फोटो पाठवून पसंती आली होती. तो फोटो त्यांनी ट्रंकेतून काढून दाखवला. निळी साडी, मागं खोटा बगीचा, आणि सुजाता हसतेय. दात पांढरेशुभ्र, एकसारखे. फक्त डावीकडचा एक किंचित तिरका, शेजारच्यावर चढलेला.

मी सुजाताकडं बघितलं. "हे कुणाचे?"

"रफिकभाईचे," ती म्हणाली. पहिल्यांदाच हसली. स्टोलच्या आत.

मी भडकले. आम्ही इकडं पत्रकं वाटत फिरतो, आणि तुम्हीच पुरावा पुसायलाव? कांताबाईंनी मला पुरतं बोलू दिलं. मग म्हणाल्या, "मॅडम, फोटोतच नाकारलं तर माणूस बघायलाबी येत न्हाई. आला, बसला, चहा घेतला, पोरीशी दोन शब्द बोलला, की मग दात दिसले तरी माणूस दिसून गेलेला असतो. दोनचार पोरी अशाच खपल्यात गावातल्या. सुखात हायेत."



अंगणात

उन्हात बसवून मी सुजाताच्या तोंडाचा पहिला फोटो काढला. ओठांवर ऊन लख्ख, आणि तोंडात काळोख. वरच्या ओठाची सावली दातांवर पडते, हे आपल्या डोळ्यांना जाणवत नाही, कॅमेऱ्याला जाणवतं. म्हणून फ्लॅश लावला, समोरून. आता दात असे चमकले की जणू बाथरूमच्या फरशा. डाग गायब. मग फोनवर काढून बघितला. फोननं तर न विचारताच दात घासून दिले, गालावरचा तीळही खाल्ला. सेटिंगमधे जाऊन ते सगळं बंद केलं, तरी काहीतरी गुळगुळीत उरलंच. तेवढ्यात फ्लॅशचे सेल उतरले.

सुजाता म्हणाली, "बघा. तुमच्या मशिनीलाबी आमचे दात नगंत."

रफिकभाई

सेल तालुक्यालाच मिळणार होते, म्हणून दुसऱ्या दिवशी मी आणि सुजाता तिकडं गेलो. रफिकभाईंचा स्टुडिओ बाजारपेठेत. जाड चष्मा, मेंदी लावलेली दाढी, आणि आपल्या कामाचा भलता अभिमान. मी कोण हे कळल्यावरही त्यांनी काही लपवलं नाही. उलट कॉम्प्युटरच सुरू केला.

"ये देखो. उदगीर की एक बच्ची थी, शादी का फोटो निकालने आई थी. क्या हँसी थी मॅडम! मैं बोला, ये हँसी जाया नक्को होना."

ती हँसी त्यांनी कापून ठेवली होती. नुसते दात आणि हिरडीची कड. गावातली पोर आली की तिचे ओठ थोडे उघडायचे आणि हे दात आत बसवायचे. मग त्यांनी एकामागून एक फोटो दाखवले. साखरपुडे, हळदी, बॅनरवरची अभिनंदनं. वेगवेगळ्या पोरी, वेगवेगळी नाकं, आणि प्रत्येकीचा डावीकडचा तोच दात तिरका.

सुजाता मला बाजूनं सांगत होती. "ही आमच्या गल्लीतली. ही देगलूरला दिलीय. ही उपसरपंचाची सुनंदा, तिचं तर लेकरू चालायलंय आता."

"लाज नाही वाटत तुम्हाला?" मी रफिकभाईंना म्हणाले. मला तसंच बोलता येतं.

त्यांनी चष्मा पुसला. "तुम पानी बदल डालो बेटी, मैं दातां बदलना छोड देतूं."

मग माझा कॅमेरा उचलून बघत हसले. "फ्लॅश सामने से मारे क्या? वोईच मैं मारतूं. दाग वहींच जल जाते. आधा काम फ्लॅशच कर देता."

डाग पुसायची त्यांची रीत ही. उलटी केली तर माझी. सेल घेऊन आम्ही निघालो.

पुन्हा अंगणात

सुजाताला ऊन पाठीशी घेऊन बसवलं. फ्लॅशची ताकद अगदी कमी केली, त्याच्यापुढं पांढरा रुमाल दुहेरी घडी करून धरला, आणि तो समोरून न मारता गालाच्या बाजूनं मारायचा ठरवलं. धरायला कांताबाई. त्यांनी तो कंदील धरावा तसा धरला. सुजातानं कापसानं दात कोरडे केले, कारण ओला दात चकाकतो. मी एवढी जवळ गेले की तिच्या श्वासानं काच धुरकटली.

"श्वास धर."

"तुमच्यासाठी मरू का आता?"

"थोडंसंच."

तो फोटो आला. खडूसारखे पांढरट ढग, त्यातून आडव्या जाणाऱ्या तपकिरी रेघा, कपात रोज चहा राहून कडेला उमटते तशी. पुढच्या एका दातावर बारीक खड्डे. सगळं तिच्या तोंडात होतं तसंच, ना कमी ना जास्त. सुजाता कॅमेऱ्याच्या पडद्यावर वाकली. "आरशात मी कधी एवढं जवळ जात न्हाई," म्हणाली.

प्रशांतला पाठवला. त्याचा लगेच फोन. "भारी. जरा अजून गडद कर की. लोकांना धक्का बसला पाहिजे."

मी करून बघितलं. फोनवर गडदपणाची खूण बोटानं सरकवत नेली, तपकिरी रेघ काळी झाली. आणि दात थेट तंबाखूचे दिसायला लागले. साहेबांना हवे तसेच. मी ती परत जागेवर आणली आणि प्रशांतला सांगितलं, हात लावायचा नाही. पांढरं करणारे लबाड आणि आपण काळं करणार म्हणून खरे, असं कुणी शिकवलं तुला?

चेहऱ्याचं मात्र सुजाता नाहीच म्हणाली. नांदेडला निघताना पिशवी घेऊन दारात उभी. "माझे दात चाललेत सायबाकडं. मग मीबी येते."

नांदेड

सुनावणी एका सरकारी इमारतीत होती. कुठल्या, ते सोडा, आतून सगळ्या सारख्याच असतात. लाकडी बाकं, पंख्याची घरघर, आणि समोर काचेच्या टेबलामागं साहेब. आमच्या आधी गावचे उपसरपंच माधवराव येऊन बसले होते. बोअर त्यांच्याच कारकिर्दीत मारलेली, नारळ त्यांनीच फोडला. ती वाईट ठरली की त्यांचं राजकारण आटलं.

साहेबांनी माझा फोटो हातात घेतला. "चेहरा कुठाय?"

"मुलीचं लग्न जमायचंय साहेब. म्हणून नाही घेतला."

"मग हे तोंड कुणाचंही असू शकतं."

तेवढ्यात माधवराव उठले आणि टेबलावर स्टुडिओतून काढून आणलेले फोटो मांडायला लागले, पत्ते मांडावेत तसे. "सायब, ह्या आमच्या गावच्या लेकी. हेच पाणी पिऊन लहानाच्या मोठ्या झाल्यात. दात बघा सायब, मोत्यावानी!"

सगळ्यात वर त्यांचीच सुनंदा. मधे कुठंतरी निळ्या साडीतली सुजाता. सगळ्यांचा डावीकडचा दात तिरका.

मी उठायला लागले. साहेब, हे एकाच पोरीचे दात आहेत, ओळीनं लावून बघा. एवढं म्हणायचं होतं, खेळ तिथंच संपला असता. सुजातानं माझं मनगट धरलं. नखं रुतली. "दुसरीचं नगं काढू," ती हळूच म्हणाली. "नांदायल्यात त्या. माझं मी बघते."

आणि ती उठून टेबलापाशी गेली. स्टोल खाली घेतला. "सायब, ह्यातला हा निळ्या साडीचा फोटो माझा हाय. आणि हे माझे दात." तिनं तोंड उघडलं.

बाकांवरची माणसं पुढं वाकली. मला वाटलं, जिंकलो.

साहेबांनी चष्मा चढवला. फोटो बघितला, तिला बघितलं, परत फोटो. "बाई, फोटोतल्या मुलीचे दात तर स्वच्छ आहेत."

"ते स्टुडिओत बसवलेत, सायब."

"मग फोटोतली मुलगी तूच, हे कशावरून?"

सुजाता वळली. "माधवकाका, तुम्ही सांगा. तुमच्या मांडीवर खेळलेली हाय मी."

माधवरावांनी टेबलावरच्या फोटोंकडं बघितलं. वरच सुनंदा हसत होती. त्यांचा हात नकळत मिशीवर गेला. "आता सायबासमोर मी काय बोलू, पोरी. फोटो तर फोटोच हाय."

"तंबाखू खातेस का?" साहेबांनी सुजाताला विचारलं.

मी ओरडले, बरंच काही ओरडले. शिपायानं मला बसवलं. साहेबांनी लेखनिकाला सांगितलं, "लिहा. अर्जदारांनी छायाचित्रातील मुलीस समक्ष हजर करावे. तोपर्यंत प्रकरण प्रलंबित."

जिवंत मुलगी समोर उभी, आणि हजर करायची फोटोतली.

माघारी

परतीच्या जीपबाहेर तीच रानं, पण ऊन उतरलेलं. गावात पोचलो तर कांताबाई ओट्यावर बसलेल्या, फोन मांडीवर. बिलोलीहून फोन येऊन गेला होता. आमच्या आधी बातमी पोचली होती. बातमीला जीप लागत नाही.

"काय म्हणले?" सुजातानं विचारलं.

"सध्या थांबू म्हणले."

सुजातानं माठातलं पाणी घेतलं, उभ्यानंच प्यायली, पेला पालथा घातला. मग मला म्हणाली, "काढा तो कॅमेरा. आता घ्या तोंडासकट. कपाळ, डोळे, सगळं. छापा तुमच्या पत्रकात."

"नीट विचार कर गं. रागात नको."

"रागात न्हाई. आता काय राहिलंय झाकायला?"

उजेड कमी होता, पण उरला होता तेवढा पुरेसा. रुमाल मीच बांधला. फ्लॅश ह्या वेळी तिनं स्वतःच हात लांब करून गालाच्या बाजूला धरला. ओठ मागं घेऊन थेट कॅमेऱ्यात बघत राहिली. हसली नाही. दात दाखवले.

रमा दारात उभी राहून बघत होती. बहिणीचं तोंड बघून तिला हसू फुटलं, आणि तिचा हात पटकन तोंडावर गेला. सकाळपर्यंत ती तसं करत नव्हती. तिचे दात अजून वर यायचेत. ते आत घडायलेत, त्याच पाण्यावर.

परत लातूर

पत्रक मी एका बैठकीत लिहिलं. वर सुजाताचा फोटो, अर्धं पान. खाली मोठ्या अक्षरात, हे दात तंबाखूचे नाहीत. फोटोवर मी कसलीही कारागिरी केली नव्हती. पेन ड्राइव्ह छापखान्यात देऊन आले आणि दुसऱ्या दिवशी प्रूफ बघायला गेले.

छापखान्यातले दिगंबरकाका आमचं काम वर्षानुवर्षं करतात. भला माणूस. शाईनं माखलेल्या बोटांनी त्यांनी प्रूफ माझ्यापुढं धरलं.

कपाळ तिचं, डोळे तिचे, तीच नजर. दात पांढरे. तिरका दात तेवढा नव्हता, बाकी रफिकभाईंसारखंच.

"काका, हे काय केलंत?"

"फोटोला डाग पडले होते बघ तोंडापाशी. पोरानं काढून टाकले कॉम्प्युटरवर. लेकीबाळीचा फोटो, असा कसा जाऊ द्यायचा?" त्यांनी कौतुकानं पानावरून हात फिरवला. "आता कशी गोड दिसायली."

मी प्रूफ टेबलावर ठेवलं. "काका, डाग परत घाला."

त्यांनी प्रूफ उचलून परत उजेडात धरलं. मशीन मागं खडखडत होतं.

"अगं वेडी का तू," ते म्हणाले. "डाग घालायला कुणी सांगत असतंय व्हय?"